निर्मला, तुझा ग्रुप बंद होणार नाही

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी चहा गाळत होते आणि ओट्यावरच्या फोनवर तुझं नाव उमटलं. अर्धा चहा बाहेर सांडला. तुला जाऊन अजून पंधरवडासुद्धा झालेला नाही. मग नीट वाचलं तेव्हा कळलं, तुझ्या मानसीने तुझ्याच फोनवरून मला दहावीच्या ग्रुपची अ‍ॅडमिन करून टाकलं होतं. पोरीने आधी विचारलंही होतं, मीच हो म्हटलं होतं. तरी रागच आला. म्हटलं, जिवंतपणी इतकी वर्षं ग्रुप घे म्हणून मागे लागली होतीस, तेव्हा मी दाद दिली नाही. आता गेल्यावर बरोबर कामाला लावलंस.

तुला सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मध्येच तोडून बोलायची तुझी सवय. आता तोडणार नाहीस.

तू गेलीस त्या आठवड्यात मोठ्या सरांनी स्टाफरूममध्ये विषय काढला. मुख्याध्यापक म्हणून त्यांना तो काढावाच लागणार होता. म्हणाले, "निर्मला मॅडमचा ग्रुप आता कोण पाहणार? कुणी घेत नसेल त बंद करून टाकू. उद्या काही कमी-जास्त झालं त शाळेच्या गळ्यात यायचं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शाळा सुटल्यावर शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी फोनवर बोलूच नये हे माझं मत शनवाऱ्याच्या चौकापासून स्टेशनपर्यंत साऱ्या गावाला पाठ. मी सरांच्या बाजूने मान हलवणार अशीच त्यांची खात्री. मी म्हटलं, "ग्रुप मी घेते." तेव्हाचे चेहरे तू बघायला हवे होतेस. वह्या तपासणाऱ्यांनी पेनं खाली ठेवली. पण तू हुरळून जाऊ नकोस. मी तुझ्या बाजूला आलेले नाही. आपलं भांडण जिथं होतं तिथंच आहे आणि ते मला आज पुरतं मांडायचं आहे.

तो ग्रुप सुरू कसा झाला, हे नवीन मास्तरांना खरं वाटत नाही. शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. आम्ही सगळे प्रश्नपत्रिकांचे फोटो पाठवायचो आणि पलीकडून कुणी काही लिहिलं की नाही, याचा पत्ता नसायचा. तू मात्र पाचवीच्या मुलांना तुझ्या आवाजात एकच प्रश्न पाठवलास: झाडं आपलं अन्न कशी तयार करतात? उत्तर बोलून पाठवा. मुलांकडे स्वतःचे फोन कुठले. फोन बापाचा, आणि बाप फोन खिशात घालून शेतात नाहीतर कापडाच्या लूमवर. त्यामुळे सगळ्यात पहिलं उत्तर आलं ते बहादरपूरच्या दीपालीच्या वडिलांचं. सुभाषभाऊंना वाटलं, मॅडमने आपल्यालाच विचारलंय. केळीच्या बागेत उभं राहून त्यांनी ठणकावून सांगितलं, "मॅडम, झाड काय बनवते? काही नही. आमी ड्रिपनं खत देतो, ते खाते. केळीले हप्ताभर उपाशी ठेवा, मंग पाहू काय बनवते ते."

तू तो आवाज मला फोनवर ऐकवलास आणि आपण दोघी हसून हसून बेजार झालो. मी म्हटलं, पोरीच्या जागी बाप नापास. मला वाटलं, तू त्यांना गोड शब्दांत कळवशील की भाऊ, हा प्रश्न मुलीसाठी होता. कुणीही तेच केलं असतं. तू उलट ग्रुपमध्ये बोललीस, "सुभाषभाऊ, तुमचं म्हणणं ऐकलं. आता दीपाली तुम्हाला पटवेल. पटलं तर तसं सांगा, नाही पटलं तर तसंही सांगा." झालं. त्या दिवसापासून तुझ्या ग्रुपचा कायदाच तो झाला. उत्तर मॅडमला द्यायचं नाही. घरात फोन ज्याचा असेल त्याला पटवायचं आणि त्याने आपल्या तोंडाने सांगायचं, पटलं की नाही.

दीपालीने केळीचं एक पिल्लू, बुंध्याशी फुटलेला कोंब, घमेल्याखाली झाकून ठेवलं. पाणी-खत सगळं बापाच्याच हातून दिलं. आठवड्याने घमेलं उचललं तर कोंब पांढरा-पिवळा पडून आडवा झालेला. सुभाषभाऊंचा आवाज आला, "पटलं मॅडम. पन खताबिगर बी जमत नही, हे बी तुमी पटवून घ्या." तू मनापासून म्हणालीस, "पटलं." मग सगळा ग्रुप दोन दिवस पटलं, पटलं करत राहिला.

ग्रुपवर येणाऱ्या आवाजांच्या निरोपांवरून तुला घरं ओळखता यायला लागली. मागे लूमची खटखट असली की हा अमका, कुकरची शिट्टी झाली की ती तमकी, आणि मोटारपंप ऐकू आला की बहादरपूर. मी म्हणायची, "निर्मला, ही चोरून ऐकण्याची सवय बरी नाही." तू म्हणायचीस, "चोरून काय, सगळ्यांसमोर ऐकते. चहा न पिता इतकी घरं फिरून येते मी." ते मात्र खरं होतं. एकाही मुलाशी तू वेगळं बोलली नाहीस. कुणी तुझ्या नंबरवर खाजगीत काही पाठवलं की दुसऱ्या मिनिटाला तुझं उत्तर: ग्रुपमध्ये बोल, घरचे ऐकतील असं बोल. त्या एका नियमासाठी मी तुला पहिल्या दिवसापासून मानते. तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुला एक बोट दिलं की तू पूर्ण हात ओढायचीस. लगेच म्हणाली असतीस, मग घे ना गणिताचा एक ग्रुप.

ते तू तरीही म्हणायचीसच. मी म्हणायची, गणितात पटायचं काय असतं, उत्तर बरोबर येतं किंवा चूक येतं. आणि खरं सांगू, मला मुलं वर्गातच हवी असतात. डोळ्यासमोर. कोण खिडकीबाहेर बघतंय, कोणाचा चेहरा उतरलाय, कोण शेजारच्याचं बघून लिहितंय, हे फोनमधून दिसत नाही. नातं म्हणतेस ते मी तिथं जोडते. मला वर्गात पोरं घाबरतात आणि शाळा सोडून गेल्यावर पेढे घेऊन येतात, माझं तसंच चालत आलंय. तू म्हणायचीस, जे पोर वर्गातून गेलंच, त्याच्याशी कसं जोडशील?

आणि मग तेच झालं. पाचवीतली तीच दीपाली, तुझ्या त्याच ग्रुपसकट, दहावीत आली आणि दिवाळीनंतर शाळेत दिसेनाशी झाली. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. दोन वेळचा स्वयंपाक, पाणी, लहान भावाची तयारी सगळं दीपालीवर. मी हजेरी घेताना तिचं नाव वाचायची आणि पुढे जायची. तू सांगायचीस, "अगं, ती संध्याकाळी ग्रुपवर असते. बाप शेतातून आला की फोन मिळतो तिला. उत्तरं बरोबर असतात तिची. माझ्या लेखी ती शाळेत आहे."

तुझ्या या वाक्यावर मी जी पेटले ती अजून विझलेले नाही. आपण ऑटोत होतो, घरी चाललो होतो. मी म्हटलं, "निर्मला, तुझ्या फोनमुळेच ती घरी राहिलीय. तिच्या बापाला वाटतंय, पोरगी चुलीपाशी पण आहे आणि शाळाही चालू आहे. फोन नसता तर त्याला टोचणी लागली असती. तू ती टोचणीच काढून घेतलीस." तू म्हणालीस, "फोन नसता तर ती दिवाळीलाच संपली असती. शाळा म्हणजे काय ते विसरून गेली असती." मी म्हटलं, बोर्डाच्या परीक्षेत कुणी पटलं का असं विचारत नाही, प्रॅक्टिकल असतं, तीन तास बसून लिहावं लागतं. तू म्हटलंस, आधी धागा तर राहू दे. ऑटोवाला आरशातून आपल्याकडे बघत होता. शनवाऱ्याला तू उतरलीस, पदर सावरलास, भाजीच्या पिशव्या घेतल्यास आणि गेलीस. ऑटो पुढे निघाली. आपलं शेवटचं बोलणं इतकं रोजच्यासारखं झालं आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. आपल्याला एकमेकींना सांभाळून बोलायची सवय नव्हती, ती शेवटच्या दिवशी कशाला लावायची.

तू गेल्यावर ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. आई-बापांनी, काकांनी, जुन्या मुलांनी जोडलेले हात पाठवले. दीपालीकडून काहीच नाही. एकदा फक्त सुभाषभाऊ बोलले, "मॅडम चांगल्या होत्या. पोरगी जेवली नही त्या दिशी." पुढे पंपाचा आवाज, बस. मी ते कितीदा तरी ऐकलं.

मग मी ठरवलं. ग्रुप माझ्या हातात आहे तर तो माझ्या पद्धतीने चालेल. दुपारच्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून मी आयुष्यातला पहिला आवाजाचा निरोप भरला. तीनदा पुसला, कारण माझा आवाज मलाच पोलीस चौकीतून आल्यासारखा वाटत होता. शेवटी म्हटलं, आहे तो असा आहे. मी बोलले: "मी वंदना मॅडम. निर्मला मॅडमचा ग्रुप बंद होणार नाही. फक्त एक बदल. उद्यापासून प्रश्न ग्रुपवर येणार नाही. तो वर्गात सांगितला जाईल. ज्याने वर्गात ऐकला त्याने तो घरी न्यायचा, घरच्यांना पटवायचं आणि मग घरच्यांनी इथं बोलायचं. जो शाळेत येणार नाही त्याला प्रश्न मिळणार नाही."

स्टाफरूममध्ये धाकट्या मॅडम म्हणाल्या, "ताई, हे जरा जास्तच कडक होऊन राहिलं ना? दीपालीकडे तेवढंच तर होतं." मला ते कळत नव्हतं का? तू सांभाळलेला एकुलता एक धागा मी स्वतः कापत होते. ती कायमचीच गेली तर तुला काय तोंड दाखवू, हा विचार रात्रंदिवस होता, आणि तुला तोंड दाखवायचं नाहीच आता, हा त्याहून वाईट. पण परीक्षा तोंडावर आलीय. तिला घराबाहेर काढायचं तर फोनमधून सगळं घरपोच देऊन चालणार नव्हतं.

पहिला प्रश्न मी दिला तो संभाव्यतेचा, दहावीला आहेच तो धडा. वर्गात नाणं उडवून दाखवलं आणि विचारलं: समजा, लागोपाठ चार वेळा छापा पडला, तर पाचव्यांदा काटा पडायची शक्यता जास्त का? घरी जाऊन पटवा. संध्याकाळी सहा वाजल्यापासून ग्रुप असा काही भडकला की विचारू नकोस. छाप्याला चित आणि काट्याला पट म्हणणारा लूमवरचा एक बाप म्हणाला, "मॅडम, आता पटच पडनार, चित किती डाव पडंल? हद असते काही." कुणाचा काका म्हणाला, गल्लीत उडवून पाहिलं, चारदा चित काही पडून नाही राहिलं, पहिले ते त पडू द्या. एका आईने तर आपल्या नवऱ्याला मागून झापलं, तेही ऐकू आलं. मुलं घसा फोडून सांगत होती की शक्यता तेवढीच राहते, आणि मोठ्यांना ते अजिबात पटत नव्हतं. गणितात पटायचं काय असतं, असं विचारणारी मी, फोन कानाला लावून पोळ्या करपवत बसले होते. हस आता.

साडेसातच्या सुमाराला सुभाषभाऊ आले. "मॅडम, हे चित-पट कायचं चालू राह्यलं? सवाल काय हाय, ते त सांगा." त्यांना फक्त उत्तरं ऐकू येत होती. माझा अंगठा बटणावर होता. सांगून टाकावं, असं क्षणभर इतकं वाटलं. तुझ्यासारखं गोड बोलावं, धागा राहू द्यावा. मग मी म्हटलं, "सवाल शाळेत आहे, सुभाषभाऊ. दीपालीला पाठवा, तिला सांगते."

त्यानंतर त्यांच्याकडून काही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तिची जागा रिकामी. संध्याकाळी ग्रुपवर तोच वाद, त्यांचं घर गप्प. मी जेवले नाही. तुझ्यावर चिडले, की हे असलं ओझं माझ्यावर टाकून गेलीस, आणि स्वतःवर चिडले नाही, कारण मला अजूनही वाटत होतं की हेच करायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या फोनवरून एका बाईचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो ग्रुपवर कधी ऐकला नव्हता. सावकाश, थांबत थांबत बोलत होती. "मॅडम, मी दीपालीची आई. यायले, दीपालीच्या बाबांले, रात्री झोप नही त्या सवालानं. सगळे बोलू राह्यले अन् आमालेच मालूम नही. मी बसून टाकून घेईन भाकरी. ननंद येनार हाये सकाळच्या पान्याले. पोरगी येईल." मागून सुभाषभाऊ पुटपुटताना ऐकू आले, "हाव, येईल ना. मी सोडतो."

आणि काल सकाळी प्रार्थना संपता संपता मोटरसायकल फाटकात उभी राहिली. दीपाली उतरली. गणवेश आखूड झालाय तिला, एवढ्यात उंच झालीय पोरगी. सुभाषभाऊ गाडी बंद न करता मला म्हणाले, "मॅडम, तिले सवाल सांगून द्या, मी इथंच थांबतो." मी म्हटलं, "सवाल पाचव्या तासाला आहे. तुम्ही बागेत जा, संध्याकाळी न्यायला या." सुभाषभाऊ हसले आणि गेले.

पाचव्या तासाला मी सगळ्या वर्गासमोर तिला तो प्रश्न सांगितला. बाकीचे टपून बसले होते. तिने थोडा विचार केला. मग उभं राहून, तुझ्याच वर्गात असल्यासारखं सरळ सांगितलं, "मॅडम, तेवढीच राहील शक्यता. नाण्याले थोडीच याद राह्यते आधी काय पडलं ते." पुढे म्हणाली, "पन बाबांले हे काही पटनार नही." मी म्हटलं, "मग घरी जाऊन पटव आणि उद्या येऊन सांग." वर्ग हसला. तीही हसली. माझे डोळे भरले म्हणून मी फळा पुसायला वळले, पुसायला त्यावर काही नव्हतं.

आजही ती आली. रोज येईल, असं मी धरून चालत नाही. आईची पाठ एका दिवसात बरी होत नाही, नणंद कायमची राहत नाही. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मी तिला प्रश्न पाठवणार नाही. शाळा सुटली की बहादरपूरची ऑटो पकडून तिच्या घरी जाऊन बसेन, चहा पिईन आणि दुसऱ्या दिवशी यायचं तिच्याकडून वदवून घेईन. परीक्षेला ती बसणार, हे मी मोठ्या सरांनाही सांगून ठेवलंय, सुभाषभाऊंनाही.

काल घरी येताना ऑटोत मी एकटीच तुझ्याशी वाद घालत होते. मी म्हणत होते, बघ, फोनवरचं बंद केलं तेव्हा पोरगी आली. आणि तू काय म्हणाली असतीस ते मला शब्दन् शब्द माहीत आहे: तो ग्रुप इतकी वर्षं त्या घरात बोलत नसता, तर आपल्याला कळलं नाही म्हणून तिच्या बापाची झोप उडाली असती का? त्या बाईने तोंड उघडलं असतं का? शनवारा आला तरी मी उत्तर शोधत होते. पण मी माघार घेतली नसती, तुला ठाऊक आहे. तू हट्टाला पेटली असतीस, मी आवाज चढवला असता, ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं असतं. दोघी रिटायर होईपर्यंत पुरलं असतं हे भांडण. मला ते हवं होतं, निर्मला.